आमच्या घरातला जपान

मांडवपरतणं आटोपून आम्ही दोघं जतहून उंब्रजच्या बाजूला निघालो, तेव्हा एस.टी.त मी रडत होते. माहेर सुटत होतं. खिडकीतून उजाड माळ आणि मेंढरांचे कळप मागं पळत होते, आणि शेजारी बसलेला माणूस अजून धड ओळखीचाही झाला नव्हता. त्या माणसानं थोडा वेळ वाट पाहिली, घसा खाकरला आणि मला धीर देण्यासाठी भारताच्या व्हॉलीबॉल संघाची हकिगत सांगायला घेतली.

टोकियोच्या आशियाई खेळांत आपण तिसरे आलो. मग जाकार्तात दुसरे. पाकिस्तान आपल्या मागं राहिलं. हे सगळं अशा आवाजात की पुढच्या बाकावरचे दोन म्हातारे वळून ऐकू लागले. मिरज आली तेव्हा आम्ही जाकार्तात होतो. "पर सोनं जपाननं नेलं," असं ते म्हणाले आणि नेमका त्याच वेळी मला मोठा हुंदका आला.

"आगं, रडू नगंस," ते घाईघाईनं म्हणाले. "चांदी बी काय कमी न्हाई."

संसाराची सुरुवात अशी झाली. माझे अश्रू आईसाठी होते हे मी त्यांना पुढं कधीतरी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

हे तेव्हा फौजेत होते. वर्षातून एकदा रजेवर यायचे, आणि रजा निम्मी घरच्यांची, निम्मी भारतीय संघाची. त्यांच्या इतिहासात मॉस्को यायचं, टोकियो यायचं, जाकार्ता तर यायचंच. जाकार्तानंतर मात्र त्या इतिहासाला पुढं पानंच नव्हती. पुढं बँकॉकला पदक हुकलं, त्याचं नाव कुणी काढलं तर "त्ये सोड" म्हणून हात झटकायचे. सांगताना ते 'आमी' म्हणत. आमी सर्व्हिस केली, आमाला चांदी मिळाली. गावानं त्या 'आमी'चा सरळ अर्थ लावला की आपला माणूस जाकार्ताला जाऊन आला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तर पाहुण्यांना सांगत, "ल्येक समिंदरापार जाऊन आलाय. तितनं चांदी आणलीया." एक पाहुणी ती चांदी बघायला मागत बसली होती, तेव्हा आत्याबाईंनी माझे पैंजण पुढं केले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. मला थोडा संशय होता. कारण हे होतं की माझ्या नवऱ्याला पठाणकोटपासून झाशीपर्यंत कुठल्या स्टेशनवर डाळ कशी मिळते हे तोंडपाठ होतं. असा माणूस परदेशी जाईल आणि तिथल्या जेवणाबद्दल एक शब्द बोलणार नाही?

मी एकदा विचारलं, "आवं, जाकार्ताला जेवायला काय असतं?"

"तितं खेळायचं का खायाचं?" असं म्हणून ते गोठ्यात गेले. म्हशीची धार तासाभरापूर्वीच काढून झाली होती.

पुढं पेन्शन घेऊन ते कायमचे घरी आले. आमच्याकडं फौजेतून आलेल्या माणसाला, तो नाईक असो नाहीतर हवालदार, मेजरच म्हणतात. मेजरांनी काळी ट्रंक उघडली. तिच्यात सगळ्यात वर चामड्याचा चेंडू होता. त्याच्याखाली माझ्यासाठी आणलेलं लुगडं, तेही चेंडू खालून घासू नये म्हणून अंथरलेलं.

गावात व्हॉलीबॉल होताच, पण तो शूटिंगचा. दोन्ही हात जुळवून, मुठी आवळून, मागच्या रेषेवरून चेंडू असा हाणायचा की पलीकडच्याच्या दंडाला चार दिवस ठणका राहील. यात्रेच्या सामन्यांत हाच खेळ चाले, आणि आमच्या गावाला त्याचा लय अभिमान. यांना मात्र तो बघवेना. यांचा खेळ स्मॅशिंगचा. एकानं जाळीपाशी चेंडू अलगद वर उचलून द्यायचा, दुसऱ्यानं उडी मारून तो एका हातानं खाली ठोकायचा. भारताचा संघ खेळतो तसा.

दूध सोसायटीचे चेअरमन हे एकेकाळचे गावचे शूटर. दंड अजून पायलीएवढे. ते मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून हा नवा प्रकार बघत.

"मेजर," ते म्हणाले, "ती जाकार्ता कुठं आली म्हणायची? वाठारच्या अलीकडं का पलीकडं?"

"लय पलीकडं," हे म्हणाले.

"तरीच. तितलं वारं हिकडं लागत न्हाई."

पोरं गोळा करायला यांना पावसाळा गेला. ऊस असलेल्या घरातली पाच पोरं आली. त्यांच्यातला सगळ्यात दांडगा गडी गावचा सध्याचा शूटर होता. बौद्ध वस्तीतला एक उंच तरुण आला. तो कराडला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता आणि ड्यूटी संपली की ग्रीसचे हात तसेच घेऊन मैदानात उतरायचा. त्याला उडी सांगावी लागली नाही. दांडग्या शूटरला मात्र ती पटेचना.

"मेजर, उडी मारूनच खेळायचं तर मग देवानं दोन हात कशाला दिल्यात?"

"एक मारायला, एक तोल सांभाळायला."

"आन् भारताच्या संघातली सगळी एकाच हातानं मारत्यात?"

"सगळी."

"म्हणूनच सोनं ऱ्हायलं म्हणा की," चेअरमन कट्ट्यावरून म्हणाले.

यांनी त्या दिवशी जेवताना दोनदा पाणी मागितलं आणि एकदाही प्यायले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरं, पुन्हा उड्या. हळूहळू चेंडू जाळीवरून खाली पडू लागला. मेकॅनिकचा स्मॅश तर असा बसू लागला की चेअरमनांनी आपली जागा कट्ट्याच्या डाव्या बाजूला हलवली. ऊन लागतं म्हणून, असं ते सांगत.

तेहरानचे आशियाई खेळ व्हायचे होते त्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडावर सांगलीला सामने भरणार असल्याचं कळलं. स्मॅशिंगचे. आणि बक्षीस द्यायला जाकार्ताच्या संघातला एक खेळाडू येणार होता. फौजेतलाच माणूस, उत्तरेकडचा. मेकॅनिकनं ही बातमी डेपोतून आणली आणि धावत आमच्या अंगणात आला.

"मेजर, तुमचा जोडीदार येणार सांगलीला!"

मी ज्वारी निवडत होते. मी यांच्याकडं पाहिलं. हे चेंडूत हवा भरत होते. पंप थांबला.

"यील की," ते म्हणाले. "येऊंदे."

गावात दुसराच उत्साह पसरला. सामना बाजूलाच राहिला. मेजरांना तो पाहुणा ओळखतो का, हे बघायला निम्मं गाव सांगलीला निघायच्या गोष्टी करू लागलं. चेअरमनांची हळद त्याच दिवशी सांगलीच्या पेठेत जायची होती. त्यांनी जाहीर केलं, "आमच्या ट्रकातनंच चला समदी. वहिनी, तुमी बी. असा योग परत न्हाई."

मेजरांचं पोट मात्र दोन दिवस आधीपासून दुखायला लागलं. मी ओवा दिला. मग गुडघा धरला. मग म्हणाले, पोरंच जाऊंदेत, आपलं काय काम तितं, म्हशीचं कोण बघंल. म्हशीचं आत्याबाई बघणार होत्या, तसं त्यांनी बाहेरून ओरडून सांगितलंही.

निघायच्या सकाळी मी चहा दिला आणि दाराशी बसले.

"तुमी गेलाच न्हाई न्हवं जाकार्ताला?"

ते चहाकडं बघत राहिले. "मी गेल्तो म्हणून कवा म्हणालो?"

"न्हाई म्हणाला. पर न्हाई गेलो असं बी कुणाला म्हणाला न्हाई."

"इचारलंच न्हाई कुणी तसं. समद्यांनी धरूनच चाललं. मग आईनं पावण्यांना सांगितलं. मग..." त्यांनी बशी खाली ठेवली. "निवडीच्या शिबिराला हुतो मी. शेवटपातुर हुतो. नावं वाचली, त्यात माझं न्हवतं. आता तो गडी सगळ्यांच्या म्होरं म्हणंल, ह्यो कोण?"

इतक्या वर्षांत मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. लढाईवरून आला तेव्हाही आल्याआल्या पिठलं मागितलं होतं. मला हसूही येत होतं आणि आतून कसंसंही होत होतं. मी म्हटलं, "न्हाई वळखलं तर न्हाई. आपुन सामना बघू आन् भडंग घेऊन येऊ."

त्यांनी टोपी घातली.

पोरं आणि हे मागं हळदीच्या पोत्यांवर बसले. मी आणि चेअरमन ड्रायव्हरशेजारी. चेअरमन वाटभर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं विचारत होते: वळखंल का, कसा वळखंल, मिठी मारंल का नुसता सलाम ठोकंल. मी खिडकीबाहेर बघत होते. सांगलीत उतरलो तेव्हा आमचा संघ डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला. सहाच्या सहा नवरदेव. मैदानाच्या फाटकावरच्या माणसानं विचारलं, "वऱ्हाड कुठलं?"

पहिलाच सामना मिरजेच्या एका मुरलेल्या संघाशी पडला. त्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट, आमच्यातल्या तिघांच्या पायांत काहीच नाही. पहिला डाव बघता बघता गेला. दुसऱ्यात मेकॅनिकनं चार-पाच चेंडू असे ठोकले की मिरजेची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आम्ही पुढं गेलो. आता जिंकतोच असं वाटलं आणि तिथंच दांडग्या शूटरच्या अंगात गाव संचारलं. चेंडू आला, त्यानं दोन्ही मुठी जुळवल्या आणि मागच्या रेषेवरून असा हाणला की तो जाळीवरून, मिरजेवरून आणि मंडपावरून पार कृष्णेच्या दिशेनं निघून गेला.

"वा रं वाघा!" चेअरमन उभे राहून ओरडले. पंचांनी शिट्टी मारून गुण मिरजेला दिला. तेव्हा चेअरमनांनी पंचांच्या आजोळाबद्दल शंका काढली. त्यानंतर आम्ही सावरलो नाही. हरलो.

हे रेषेबाहेर उभे होते. हरल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर नव्हतं, कारण त्यांचं लक्ष मंडपाकडं होतं. पाहुणे आले होते. जाड मिशा, रुंद खांदे, पोट जरा सुटलेलं. ते आयोजकांबरोबर प्रत्येक संघाशी हात मिळवत आमच्याकडं येत होते. हे हळूच मेकॅनिकच्या मागं सरकले. मेकॅनिक उंच असला तरी रुंद नव्हता. दोन्ही बाजूंनी नवरा दिसत होता.

चेअरमन असा क्षण सोडणारे नव्हेत. त्यांनी यांना दंडाला धरून पुढं काढलं. "साहेब, ये हमारा मेजर. पैचानो!"

पाहुण्यांनी पाहिलं. कपाळाला आठी पडली. हे टाचा जुळवून उभे, नजर समोर.

मग पाहुण्यांचं तोंड हळूहळू उघडलं. "जापान?" ते म्हणाले. आणि मग सगळं मैदान वळून बघेल अशा आवाजात, "अबे ओ जापान! तू ज़िंदा है?"

आणि त्या माणसानं माझ्या नवऱ्याला कमरेला धरून उचललं.

कुणालाच काही कळेना. चेअरमन माझ्या कानाशी आले. "वहिनी, म्हंजी मेजर आपल्या बाजूनं हुतं का जपानच्या?"

उलगडा पाहुण्यांनीच केला, थेट माइक हातात घेऊन. शिबिरात निवड झाल्यावर बाकीचे घरी गेले, पण काही जणांना मागं ठेवलं होतं. निवडलेल्या संघाला सराव लागणार, समोर कुणीतरी हवं. जपानी कसे खेळतात, चेंडू कसा बुटका उचलतात आणि झटकन मारतात, हे कोचनं ज्यांना शिकवलं त्यांत आमचे हे. जाळीच्या पलीकडं यांचं नाव जपान. रोज सकाळ-संध्याकाळ भारत विरुद्ध जपान. "और ये कमबख़्त," पाहुणे म्हणाले, "हमें रोज़ पीटता था. असली जापान तो बाद में मिला, हमारी हड्डियाँ पहले इसी ने तोड़ीं. चांदी में थोड़ा हिस्सा इसका भी है."

टाळ्या पडल्या. यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

अंतिम सामन्यानंतर पाहुण्यांनी हट्टच धरला. जुनी मॅच होऊ दे, एक डाव. इकडं पाहुणे आणि मिरजेची पोरं, तिकडं जपान आणि आमची पिवळी पोरं. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढून माझ्याकडं दिल्या. मी त्या छातीशी धरून उभी राहिले आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सुरुवातीला दोघंही धापा टाकत होते. पाहुण्यांनी एक चेंडू यांच्या छातीवर मारला आणि हे मागं दोन हात जाऊन बसले. लोक हसले. हेही हसले. मग मेकॅनिकनं जाळीजवळ चेंडू उचलून दिला, फार वर नाही, जाळीच्या जेमतेम वर. त्याला तसा द्यायला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. आणि हे उडाले.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. या माणसाला मी पेरताना, मोट दुरुस्त करताना, ताटावर रुसलेला, तापानं फणफणलेला, सगळा पाहिला होता. जमिनीपासून सुटलेला कधी पाहिला नव्हता. क्षणभर ते जाळीच्या वर होते, हात मागं गेलेला, मान ताठ, आणि चेहऱ्यावर मला अगदी अनोळखी असं काहीतरी. पाहुण्यांचे हात वर यायच्या आधी चेंडू पलीकडच्या मातीत होता.

पाहुणे दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. "आज भी," ते म्हणाले. "आज भी साला वही."

डाव शेवटी भारतानंच जिंकला. परतताना चेअरमन आपणहून मागं रिकाम्या पोत्यांवर बसले आणि यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. कराड येईपर्यंत हे टोपी हातात फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "नावं वाचली त्या दिशी मी भायेर झाडाखाली लय येळ बसलो हुतो. कोच आला. म्हणाला, जाणाऱ्यांच्या म्होरं चांगला जपान पायजे. थांबतोस? म्या म्हणलं थांबतो."

"घरी यावं असं न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पर म्हणलं, गाडीचं तिकीट दुसऱ्यानं काढलंय म्हणून काय झालं, गाडी तर आपलीच हाय."

मी त्यांच्या शर्टावरची हळद झटकत राहिले. ती निघाली नाही. तो शर्ट शेवटपर्यंत पिवळसरच राहिला.

गावात यांचं मेजरपण त्या दिवशी संपलं. लहानमोठी सगळी 'जपान' म्हणायला लागली. पत्ता विचारत आलेल्या टपालवाल्याला कुणीतरी "जपानच्या घराशेजारी" असं सांगितलं. हे चिडायचे, पण हाकेला ओ द्यायचे. आत्याबाईंना हा सगळा प्रकार समजावून सांगायला मला एक दुपार लागली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजी आपल्याच लोकास्नी हरवत हुता व्हय? लहानपणी बी भावाला मारायचा." घरी येणाऱ्या पाहुण्यांना मात्र त्या चांदीचीच गोष्ट सांगत राहिल्या.

त्याच वर्षी पाऊस ओसरता ओसरता तेहरानचे खेळ आले. हे रोज बातम्यांच्या वेळी रेडिओला कान लावून बसत. खरखर इतकी की कुठला खेळ चाललाय तेही कळू नये. शेवटी कळलं, व्हॉलीबॉलचं पदक आलं नाही. यांनी रेडिओ बंद केला आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं चेअरमन आले. त्यांनीही ऐकलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. ते खाटेवर बसले, तंबाखू मळली, निम्मी यांच्या हातावर ठेवली.

"सरावाला चांगला जपान मिळाला नसंल," ते म्हणाले.

हे हसले नाहीत, पण तंबाखू घेतली. मग हे म्हणाले, "चेअरमन, तुमच्या त्या शूटरला उडी शिकवतो म्हंजी शिकवतोच."

"शिकवा. आमची कुठं ना हाय. पर त्येच्या मुठी सोडवायच्या अगुदर मला इचारा."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सातवीच्या मुली माझ्याकडं आल्या. त्यांना सांगलीची गोष्ट कळली होती. आम्हालाही खेळायचंय, म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, पोरींना काय जमतंय. त्या दिवशी मी आमटीत मीठ घालायला विसरले. दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली आणि सुतळी घेऊन हे शाळेच्या मागच्या पटांगणात हजर होते. परकर खोचून मुली रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यात बुटक्या मुलीनं विचारलं, "जपानकाका, उडी मारताना डोळं उघडं ठेवायचं का मिटून?"

"उघडं," हे म्हणाले, आणि रेषा आखायला वाकले.